पवनीचे डोळे

भंडाऱ्याच्या स्टँडवर पवनीची गाडी लागली तेव्हा माझी तिघांशी भांडणं होऊन गेली होती. पहिला हमाल. "नाजूक आहे, आडवं धरू नको" असं बजावूनही त्याने माझं खोकं पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. दुसरा चहावाला, चहात साखर की साखरेत चहा तेच कळेना. तिसरा खिडकीतला इसम. पवनीची गाडी कधी, या प्रश्नाला त्याने "येईल तवा" असं उत्तर दिलं आणि पुन्हा कान कोरायला लागला. पुण्याहून नागपूर आणि नागपूरहून भंडारा असा प्रवास करून माझं अंग आंबलं होतं. त्यात श्रावण संपत आलेला, आणि पाऊस पडतही नव्हता, थांबतही नव्हता.

त्या खोक्यात काय होतं ते आधी सांगते, नाहीतर एक प्रौढ बाई खोक्यावरून गावभर का भांडत सुटली ते कळायचं नाही. खोक्यात बाहुल्या होत्या. मी पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करते. दिवसभर लोकांचे ट्रंक कॉल जोडते, त्यांच्या शिव्या खाते आणि घरी येऊन जपानी बाहुल्या करते. पिंपरीकडच्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअर आला होता, त्याच्या बायकोने आम्हा पाच-सहा बायकांना ही कला शिकवली. तिकडचं सामान इथे कुठून मिळणार? म्हणून मी तुळशीबागेतली गुलाबी गालांची प्लास्टिकची बाहुली आणते. तिचे पिवळे केस उपटायचे, पॉलिश कागदाने नाक-डोळे घासून चेहरा सपाट करायचा आणि त्यावर शिंपल्याची पूड सरसात कालवून थरावर थर द्यायचे. मग काळ्या रेशमाचा अंबाडा, जुन्या पैठणीच्या काठाचा किमोनो (जपानी बायकांचा पायघोळ झगा). शेवटी डोळे. तांदळाच्या दाण्याएवढे, खाली झुकलेले, एका केसाच्या कुंचल्याने काढलेले डोळे.

हे डोळे मला येत नाहीत. कधीच आले नाहीत. ते काढायची माझी धाकटी बहीण सुशी. बाहुली मी करायची आणि जिवंत सुशीने करायची, असा आमचा कारभार होता. मग वसंत नावाचा पवनीचा एक सुतार पुण्याच्या फाउंड्रीत लाकडी साचे करायला आला आणि सुशीशी लग्न करून बसला. तिथवरही माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, "चार महिने जाऊन येतो" म्हणून तो तिला घेऊन गेला, आणि त्या चार महिन्यांची तीन वर्षं झाली. दर दिवाळीला येतो येतो म्हणायचं आणि यायचं नाही. तीन वर्षांत माझ्या कपाटात बिनडोळ्यांच्या बाहुल्यांची रांग लागली. आता मुंबईत जपानी कलांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात माझ्यासाठी एक टेबल ठेवलं होतं. मी रजा टाकली, निवडक बाहुल्या खोक्यात भरल्या आणि परतीची दोन तिकिटं काढून निघाले. सुशीला घेऊनच यायचं. यायला काही अडलंच, तर निदान तिथे बसवून डोळे तरी काढून घ्यायचे.

गाडीत खोकं मी मांडीवर ठेवलं. शेजारी अड्याळला जाणारी एक म्हातारी होती, तिच्या पायाशी बांबूच्या टोपलीत सुकवलेले झिंगे (लहान कोळंबी). वास असा की डोळ्यांत पाणी यावं. तिने माझी सगळी चौकशी केली. नवरा काय करतो? नाही. काहून नाई? झालं नाही लग्न. मंग खोक्यात काय हाय? बाहुल्या. यावर तिने मला मूठभर फुटाणे दिले. तिची कीव आली म्हणून नव्हे, तिला माझी आली म्हणून मला राग आला. फुटाणे मात्र चांगले होते.

बाहेर मुलुख सुंदर होता, हे रागातसुद्धा कबूल करायला हवं. दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) पाण्याने भरलेल्या, रोवणी (भाताची लावणी) आटोपलेली, हिरवा रंग डोळ्यांत मावेना. मधूनच एखादी बोडी (लहान तळं), तिच्यात कमरेइतक्या पाण्यात जाळं टाकून उभा असलेला माणूस. अड्याळला बाजार होता. पोळा दोन दिवसांवर आल्यामुळे रंगीत गोंडे, झुली, बेगड यांची दुकानं लागली होती, आणि सगळीकडे लाकडी बैल. इकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल दोरीने ओढत पोरं घरोघर जातात आणि बोजारा (खाऊसाठी मिळणारे पैसे) गोळा करतात. आमच्याकडे असलं काही नाही. मी खिडकीतून बघत होते आणि अड्याळच्या बैलांच्या रंगकामाला मनातल्या मनात नावं ठेवत होते.

पवनीला वसंत घ्यायला आला. "ताई, तरास झाला नाई ना?" म्हणाला आणि खोकं उचलायला वाकला. मी दिलं नाही. त्याचं घर जुन्या कोटाच्या भिंतीला लागून. ओसरीत, अंगणात, पडवीत, खाटेखाली, जिकडे बघावं तिकडे लाकडी बैल. शिंगं रंगवलेली, पाठीवर नक्षीची झूल, गळ्यात घुंगरांची पट्टी, आणि डोळ्यांच्या जागी कोरं लाकूड. सासरे खाटेवर पडून होते, एक हात छातीशी दुमडलेला. आणि बैलांच्या मधोमध सुशी. कोपरापर्यंत हात निळे, केसांना पिवळा रंग लागलेला, पहिल्यापेक्षा चांगली भरलेली.

"ताई, मले वाटलंच नाई तू खरंच येशील," ती म्हणाली.

मले! सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी, वक्तृत्वाची ढाल आणणारी, मले म्हणते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गळ्यात पडली तेव्हा मी पण पडले, खोटं कशाला सांगू.

जेवायला लाखोरीच्या डाळीचं वरण, भात, पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा. तिखटाने माझं नाक वाहायला लागलं. सुशीची सासू, तिला सगळे आबई म्हणत, मला वाढतच राहिली आणि मी नको म्हटलं की तिला ते ऐकूच जात नसे. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. प्रदर्शन सांगितलं, तिकिटं दाखवली. सुशी बैलाच्या झुलीवर ठिपके देत होती, वर न बघता म्हणाली, "पोळा होऊ दे." वसंत म्हणाला, पोळ्याच्या दिवशी सगळ्या बैलांचे डोळे उघडायचे असतात आणि ते सुशीच उघडते. एका हाताने सुरू केले की त्याच हाताने संपवायचे, नाहीतर नजरा जुळत नाहीत. पूर्वी हे सासरे करायचे. मी म्हटलं, म्हणजे बहीण माझी, हात माझ्या घरात घडलेला आणि डोळे तुमच्या बैलांना! तो एका बैलाला चाक ठोकायला लागला. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही आणि त्याचा मला फार राग येतो.

मी खोकं उघडून बाहुल्या पडवीतल्या फळीवर ओळीने मांडल्या. म्हटलं, बघ तरी. सुशीने एकेकीचे केस हाताने चाचपले, किमोनोच्या काठाची पैठणी ओळखली. ती आमच्या आईची होती. "आईची फाडलीस?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कसर लागली होती. हे खरं होतं.

पोळ्याच्या दिवशी घरात माझं काहीच काम नव्हतं. मी नदीवर गेले. वैनगंगा गढूळ, रुंद, घाई नसलेली. वाटेत एक टेकाड लागतं, तिथे खोदकामात बुद्धाच्या काळातले दगड निघाले म्हणतात. एक गुराखी दगडावर बसून विडी ओढत होता. इथले कोरलेले दगड कुठे आहेत, असं विचारल्यावर म्हणाला, चांगले होते ते साहेब लोकांनी नेले, बसायला जे उरले ते आमचे. मीही त्याच्या शेजारच्या दगडावर टेकले. पावसाने पाऊण तास उघडीप दिली आणि मला आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी परत आले तर गावात बैल सजवून वेशीकडे निघाले होते, आणि घरात सगळे लाकडी बैल डोळस झाले होते. मोठे, काळेभोर, पांढऱ्या कडेचे, कोपऱ्यात लाल ठिपका असलेले डोळे. पडवीत गेले आणि बघते तर काय, फळीवरून माझ्या बाहुल्याही तशाच बघताहेत! माझ्या जपानी बाहुल्या! नाजूक पांढरा चेहरा, काळा अंबाडा, आणि कपाळाखाली गाडीला जुंपावेत असे दोन टपोरे बैलाचे डोळे. सगळ्यांना. एकीलाही सोडलं नव्हतं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अडाणी म्हटलं, रानटी म्हटलं, माझ्या मेहनतीची माती केलीत म्हटलं. आबई चुलीपुढून उठून आली. तिचा आवाज चढला नाही.

"बाई, पोळ्याच्या दिवशी बिनडोळ्याची वस्तू घरात दिवा लागेपर्यंत ठेवत नाई आमी. घरात आंधळं राह्यलं, त वरसभर घरच्याले वाट दिसत नाई. तुमी आता घरच्याच ना. तुमच्या बाहुल्या कायले आंधळ्या ठेवाव?"

मी म्हटलं, पण विचारायचं तरी! आणि हे काढले कोणी? तुम्ही?

"मी काढले," सुशी म्हणाली.

हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं म्हातारीने फासले असतील. मी सुशीला म्हटलं, तुला माहीत आहेत ना आपले डोळे कसे असतात? हजार वेळा काढलेस. मुद्दाम केलंस?

"मुद्दाम नाही गं. पहिलीला आपले काढायला गेले. नाही आले. तीन वर्षं हेच काढतेय मी, हात आता इकडेच वळतो. मग म्हटलं, अर्धवट नको, सगळ्यांना नीट काढू." तिने निळे हात पदराला पुसले. "तू मला न्यायला आलीस का माझा हात न्यायला आलीस, ताई?"

"दोन्ही!" मी ओरडले. "दोन्हींना न्यायला आले. वेगळं करायचं कसं ते तूच सांग."

"नाही करता येत," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणते, दोन्ही आता इथंच राहू दे."

वसंताने अडवलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आबईने डांबून ठेवलं असतं तर पोलीस आणले असते. तीन वर्षं मी मनात हेच धरून बसले होते की तिला येऊ देत नाहीत. कुणी अडवलंच नव्हतं. तिला यायचंच नव्हतं, आणि हे तिच्या तोंडून ऐकायला मला तिथवर पायपीट करावी लागली. मी जेवले नाही. आबईने ताट माझ्या खाटेशी आणून ठेवलं, करंजीसुद्धा. मी ती नंतर खाल्ली, पण कुणी बघत नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरडाओरडा. रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत (पीडेचा पुतळा), असं म्हणत लोक गावातली पीडा गावाबाहेर हाकलत होते. मी सामान बांधत होते. मलाच घालवताहेत असं वाटलं. दुपारनंतर तान्हा पोळा, पण मी तोवर थांबले नाही. सुशी स्टँडवर आली. म्हणाली, दिवाळीला तू ये, शिंगाडे निघतील तेव्हा. मी म्हटलं, मी नाही येणार. ती म्हणाली, बरं. मग खिडकीतून हात घालून तिने माझ्या गालाला हात लावला आणि निळा रंग लागला. तो मला नागपूरला आरशात दिसला.

परतीच्या प्रवासात शेजारची जागा रिकामी होती. तिकीट माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्या जागेवर बसायला येणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडले. वर्ध्याला एक, बडनेऱ्याला दोघं. ही जागा माझ्या बहिणीची आहे, असं सांगितलं. ती कुठाय, असं एकाने विचारलं. मी खोकं त्या जागेवर ठेवलं.

मुंबईच्या टेबलासाठी मी नकार कळवला. घरी आल्यावर पॉलिश कागद घेऊन बसले. शिंपल्याचा थर घासला की डोळे जातात, नवा थर दिला की चेहरा पुन्हा कोरा. एकेक बाहुली घासत गेले. राग होता, त्यामुळे काम झपाट्याने झालं. शेवटची हातात आली तेव्हा लक्षात आलं की हिचे पुसले की सुशीच्या हातचं या घरात काहीच राहणार नाही. जुन्या सगळ्या तर आम्ही लोकांना देऊन टाकल्या होत्या.

ती तशीच ठेवली. कपाटात, सगळ्यांच्या पुढे. बाकीच्यांचे डोळे आता मी स्वतः काढते, वाकडेतिकडे येतात. घरी येणारा जाणारा बरोबर त्या एकीपाशीच थांबतो आणि विचारतो, अहो, हिचे डोळे असे बैलासारखे का? माझ्या बहिणीने काढलेत, असं मी सांगते. त्यावर कुणी हसलं, तर त्याला चहा मिळत नाही.