शनिवारी ते बसायचे

चूक माझी आहे आणि ती एका शब्दाची आहे. मी एका गायकाचं चरित्र लिहिलं आणि त्यात त्याला दारुडा ठरवलं. तो दारू पीत नव्हता.

चाकणच्या आमच्या कंपनीत तो पेंट शॉपला होता, मी क्वालिटीत. मूळचा नगरकडचा ख्रिस्ती, राहायला आकुर्डीत. गायचा मात्र सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून निघालेलं ते गाणं त्याने कॅसेटी झिजवून उचललं होतं. इंग्रजी जेमतेम. पण कंपनीच्या गॅदरिंगला तो डोळे मिटून एखादी ओळ लांबवायचा, तेव्हा जेवणाच्या रांगेतली माणसं ताटं हातात धरून तशीच उभी राहायची. पुढे तो पुण्यातल्या हॉटेलांत गायला लागला, थोडं नाव झालं, आणि पन्नाशी उलटते न उलटते तोच लिव्हरच्या आजाराने गेला.

त्याच्यावर पुस्तक लिहायचं मीच ठरवलं. दिवाळी अंकांत चार लेख छापून आले होते, तेवढ्यावर मी स्वतःला लेखक समजत होतो. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तीन रविवार दुपारी बसून मला सगळं सांगितलं. त्यातलं एक वाक्य माझ्या वहीत अजून आहे: "शनिवारी ते घरीच बसायचे. कंपनीतले चार-पाच जण यायचे. उठायला उशीर व्हायचा."

आमच्या शॉप फ्लोअरवर 'बसणे' याला एकच अर्थ. "काय राव, आज बसायचं का?" असं कुणी विचारलं की खुर्ची कुणी शोधत नाही. त्यात लिव्हर. मी दोन्ही जोडलं आणि अख्खं प्रकरण लिहून काढलं. बाटल्या, खालावत गेलेला आवाज, मुकाट सोसणारी बायको. ग्लासातला बर्फसुद्धा मी माझ्या मनानेच टाकला. कंपनीत माप घेतल्याशिवाय मी एका नटवरही सही करत नाही.

पुस्तकातलं तेवढंच गाजलं. एका स्थानिक पेपरने तेच उचलून छापलं. त्याच्याकडे शनिवारी जाणारा एक जुना सहकारी घरी येऊन भांडला. "अरे, तो थेंबाला शिवायचा नाही. गेलेल्या माणसाची अब्रू काढतोस?"

"तुम्ही बरोबर बसणारे," मी म्हणालो, "तुम्ही दुसरं काय सांगणार?"

"भावा, तू लेखक झालास, माणूस राहिला नाहीस," म्हणाला आणि चहा न घेता गेला. पुढच्याच आठवड्यात चिंचवडच्या एका सत्कारात मी ते प्रकरण वाचून दाखवलं. आवाजात जरा कंप आणून.

मग वहिनी आल्या. हातात पुस्तक, प्रकरणाच्या जागी बोट घातलेलं.

"भाऊ, हा कुणाचा नवरा?"

"वहिनी, तुम्हीच म्हणालात ना, ते बसायचे."

"गायला बसायचे. पेटी घेऊन. आमच्या चर्चमध्ये प्रॅक्टिसला बसणंच म्हणतात."

"आणि लिव्हर?"

"कावीळ. ऑपरेशनला रक्त चढवलं होतं, त्यातून लागली. फाइल कपाटात होती. मागितली असती तर दिली असती. तुम्ही फक्त चहा मागितलात."

त्याने सुरू केलेली गाण्याची शिकवणी वहिनी दर शनिवारी, तो बसायचा त्याच खोलीत, चालवत होत्या. चौदा मुली यायच्या. पुस्तक आल्यावर चर्चमधल्या आयांमध्ये कुजबुज सुरू झाली, तसलं घर म्हणून. आता दोनच उरल्या होत्या. त्याही गेल्या की त्याचं गाणं त्या घरातून संपणार होतं.

मी माफी मागितली. पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडतो म्हणालो.

"शुद्धिपत्र कोण वाचतं? आणि मला कशाला सांगता? मी त्यांच्याबरोबर संसार केलाय. ज्यांनी मुली पाठवायच्या बंद केल्या, त्यांना सांगा."

मला चार रविवार धीर झाला नाही. एकदा चर्चच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो. पाचव्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर पाच मिनिटं दिली. मी कागदावर 'माझा गैरसमज झाला' असं लिहून नेलं होतं. वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ते वाक्य माझ्याने वाचवेना.

"गैरसमज झाला नव्हता," मी म्हणालो. "लिहिताना मला शंका आली होती. एका फोनवर उलगडा झाला असता. मी फोन केला नाही, कारण प्रकरण छान जमलं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. ते कधी प्यायले नाहीत. वहिनी, मी तुमच्या घराची बदनामी केली, मला माफ करा. आणि मुलींच्या आयांनो, तुम्हा सगळ्यांना सांगतो, राग धरायचा तर माझ्यावर धरा. मुलींना शनिवारी पाठवा."