न मिटणारी सुरी

माझ्या लग्नात शालू निवडायला बायकांनी जेवढ्या खेपा घातल्या नसतील, तेवढ्या मी एक सुरी निवडायला हुबळीच्या दाजीबानपेठेत घातल्या.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड देतात. कट्यार, सुरी, काहीच नसलं तर अडकित्ता. टोकाला लिंबू खोचायचं आणि डोक्यावर अक्षता पडेपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही. बाहेरचं काही लागू नये म्हणून. दुसऱ्यांच्या घरी ह्यावरून चेष्टा चालते, मेव्हण्या सुरी लपवतात, पैसे उकळतात. आमच्या घरी मात्र ह्या विषयावर कुणी हसत नसे. माझा थोरला भाऊ, अण्णा, हळदीच्या अंगाने स्कूटर घेऊन बाहेर पडला तो परत आलाच नाही. मी तेव्हा शाळेत होतो. मला एवढंच सांगितलं गेलं की तो सुरी घरी विसरून गेला होता.

त्यामुळे माझं लग्न ठरलं तशी आई म्हणाली, हळदीपर्यंत थांबायचं नाही, आजपासूनच लोखंड कमरेला पाहिजे.

"आई, मी वकील आहे. कोर्टात सुरी घेऊन जाऊ काय?"

"वरनं काळा कोट असतोय की. कोण बघतंय आत?"

नव्वदीतली ती वर्षं हुबळीत बरी नव्हती. गावात दंगा होऊन गेलेला, जमावबंदी लागलेली. पोलिसांची जीप गल्लीगल्लीतनं कन्नड आणि मराठीत ओरडत फिरायची की हत्यार बाळगणाऱ्याची गय केली जाणार नाही. मी मुळातच भित्रा माणूस. त्यात सुरी जवळ सापडली म्हणून आत गेलेली पोरं मी रोज पिंजऱ्यात उभी बघत होतो. त्यांच्या आया बाहेर पायरीवर बसलेल्या असत. कायदा माहीत असला की धीर येतो असं लोक समजतात. मला तर प्रत्येक कलम स्वतःच्या नावासकट दिसायला लागलं होतं.

पहिल्या खेपेला मी खटक्याचा छोटा चाकू आणला. मिटला की खिशात मावणारा, सापडलाच तर पेन्सिलीला टोक करायला म्हणून सांगता येण्यासारखा. आईने तो हातातसुद्धा घेतला नाही. "मिटणारा नको. मिटला की लोखंडाचं तोंड बंद. मग त्याचा काय उपयोग?" दुसऱ्यांदा भाजीची सुरी आणली, तर ती कमरेला लावून खाली बसताच टोक मांडीला लागलं. एक दुकानदार तर कौतुकाने हातभर लांबीचा सुरा दाखवायला लागला. मी तिथनं अक्षरशः पळालो. पातं न मिटणारं पाहिजे, पण पोलिसाच्या हाताला लागू नये इतकं आखूड. कोटातनं उठून दिसू नये म्हणून मूठ चपटी. आईचं आणि कायद्याचं एकाच वेळी समाधान करेल अशी सुरी अजून कुणी घडवली नव्हती.

शेवटी भांड्यांच्या एका अंधाऱ्या दुकानात ती मिळाली. पानवाले वापरतात तसली, चार बोटं पातं, शिसवी मूठ. दुकानदाराने कागद हवेत धरला आणि तिने तो अलगद चिरून दाखवला. मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. घरी आल्यावर आईने ती माझ्याकडनं काढून घेतली, देवापुढे ठेवते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खणाच्या कापडाचं म्यान शिवून परत दिली. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. सुई लागली असेल असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून वावरायला लागलो. आमच्या हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर हवालदार दिसला की मी रस्ता ओलांडायचो आणि ओलांडताना त्याला संशय येईल म्हणून आणखी घाबरायचो. कोर्टात न्यायाधीशांसमोर वाकून नमस्कार करताना मूठ बरगडीला टोचायची. एकदा माझ्याच अशिलाचा खटला चालू होता, आरोप सुरी बाळगल्याचा, आणि मी त्याची बाजू मांडत असताना माझ्या पाठीवरनं घाम ओघळत होता. तो सुटला. मी सुटलो असं मात्र मला वाटलं नाही. ती सुरी म्यानातनं एकदाही बाहेर काढायची माझी छाती झाली नाही. घरी येऊन ती सोडून ठेवावी म्हटलं तर आई दारातच माझ्या कमरेकडे बघायची. माझ्या तोंडाकडे नंतर.

लग्न धारवाडला होतं. परवानगी मिळाली ती एका टेम्पोत मावेल एवढ्याच वऱ्हाडाची. सकाळी निघालो. वडील, म्हणजे अप्पा, पुढे ड्रायव्हरजवळ, मागे मी, शेजारी आई, बाकी पाचसहा नातेवाईक. माझ्या अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, कमरेला सुरी. लिंबू खिशात ठेवलेलं, वाटेत दिसायला नको म्हणून.

उणकलच्या तळ्याजवळ नाकाबंदी होती. पुरुषांना खाली उतरवून अंग चाचपत होते. माझी पाचावर धारण बसली. उतरताना मी कमरेवर हात दाबून धरला, त्यामुळे हवालदाराचा हात सरळ तिथेच गेला. त्याने म्यानासकट सुरी बाहेर ओढली.

"एन्री इदु?" हे काय म्हणून त्याने विचारलं.

मी वकील. एकही कलम आठवेना. "मदुवी ऐत्री," मी कसंबसं म्हटलं, लग्न आहे. "नंद." माझंच.

त्याने मुंडावळ्यांकडे बघितलं, खणाच्या म्यानाकडे बघितलं, पण हसला नाही. सुरी बाहेर काढली आणि धारेवरनं अंगठा फिरवला. मी डोळे मिटून घेतले. त्याने पुन्हा फिरवला, जोर देऊन. मग पातं स्वतःच्या तळहातावर घासलं. कन्नडमध्ये म्हणाला, हिने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. आणि सुरी म्यानात घालून माझ्या हातात दिली.

टेम्पो सुटल्यावर मी ती काढून बघितली. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. धार कुठेच नव्हती. दगडावर घासघासून पात्याची कड पार गोल केलेली होती, टोकसुद्धा मोडून बोथट केलेलं. इतके दिवस मी ज्या सुरीला भीत होतो, ती सुरी नव्हतीच.

"आई, हे तू केलंस?"

ती अप्पांच्या पाठीकडे बघत होती. त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"तुझा अण्णा काय विसरला नव्हता रे. त्याच्या कमरेलाच होती. स्कूटर घसरली, गुडघा खरचटला नुसता. सुरी पोटात शिरली. तुझ्या अप्पांनी धार लावून आणलेली. म्हणून विसरला असं सांगितलं सगळ्यांना."

टेम्पो नवनगर ओलांडून पुढे गेला. मागे कुणीतरी मुहूर्ताला अजून वेळ आहे म्हणत होतं. मला राग आला होता की रडू, ते आजही नक्की सांगता येत नाही.

"मग मला कशाला दिलीस?" शेवटी मी विचारलं. "हे सगळं माहीत असताना?"

तिने सुरी माझ्या हातातनं घेतली, म्यानात घातली आणि माझ्या कमरेला नीट खोचली.

"न देता पाठवायला मला भ्या वाटलं की रे," ती म्हणाली.