होकाराविना गाऱ्हाणं

तोंडवळीच्या बाबली परबाचा दत्ताराम पुण्याला ध्वनिमुद्रण शिकायला निघाला, तेव्हा गावाने पोट धरधरून हसून घेतलं. डॉक्टरी, वकिली एक वेळ समजते. पण ऐकायचं शिक्षण? शेजारची जानकी म्हणाली, "त्येका पुण्याक कित्याक जावक होया? माका चार घरांतला फुकट आयकाक येता." आणि तिचं काही खोटं नव्हतं.

पण सिनेमाची सरकारी संस्था नुकतीच निघाली होती आणि विज्ञान शिकलेल्या दत्तारामाला तिथे जागा मिळाली होती. मायक्रोफोन कुठे धरावा, वारा कसा चुकवावा, आवाज मोजणारी सुई तांबड्या रेघेपलीकडे कशी जाऊ देऊ नये, हे सगळं तो शिकला. सर्वांत आधी शिकला तो हात वर करायला. ध्वनिमुद्रकाचा पंजा वर गेला की खोकणाऱ्यानेही खोकला गिळायचा.

शेवटच्या वर्षी, १९६५ साली, मास्तरांनी सांगितलं, आपापल्या गावचा एक आवाज घेऊन या. दत्ताराम संस्थेचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून घरी आला. आवाज शोधत हिंडायची गरजच नव्हती. तोंडवळीत गाऱ्हाणं घालावं ते बाबलीनेच. नारळ ठेवून तो देवाकडे एकेक मागायचा आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायची. हा होकार पडला नाही तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दत्ताराम परत निघाला त्या सकाळी शेजारीपाजारी जमले आणि बाबलीने घरासमोरच्या खळ्यात नारळ ठेवला. दत्तारामाने हेडफोन चढवले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या झिलाक बरी नोकरी गावू दे."

माणसांनी तोंडं उघडली आणि दत्तारामाचा पंजा वर गेला. सवयीने. शिकलेला माणूस थांबा म्हणतोय म्हटल्यावर माणसं थांबली. बाबली जरा घोटाळला. होकारापुरती जागा सोडून त्याने पुढचं मागितलं.

"खंय गेलो तरी त्येची वाट घराकडे वळू दे."

पंजा वरच होता.

"आमच्या शेवटाक तो जवळ आसू दे."

कुणी हूं की चूं केलं नाही.

"परत घाला ओ," त्याची आई यशोदा नवऱ्याला म्हणाली. "व्हय कोणीच म्हणूक नाय." पण एस.टी.ची वेळ झाली होती. "फुडच्या खेपेक, आये," म्हणून दत्ताराम निघाला.

मास्तरांनी त्या फितीचं तोंड भरून कौतुक केलं. एवढी माणसं हजर आणि एक कुजबूज नाही! दत्तारामाला मुंबईत माहितीपटांच्या कचेरीत नोकरी लागली. बरोबरच्यांतला एक रेडिओत गेला, एक स्टुडिओत गाणी घेऊ लागला, आणि एकाच्या नशिबी लग्नांतले लाऊडस्पीकर आले. दत्ताराम धरणं, कारखाने, पूर घेत देशभर फिरला. पुरात घर गेलेली बाई समोर रडली की सुरुवातीला त्याला भरून यायचं. नंतर नंतर नुसती सुई दिसायची. पुढची खेप काही झाली नाही.

बाप गेल्याची तार त्याला एका धरणावर मिळाली. ती खिशात घालून त्याने उरलेलं काम पुरं केलं. रडू आलं नाही, आणि आलं नाही याचं नवलही वाटलं नाही.

तो पोचला तो थेट तेराव्याला. जेवणं उरकल्यावर यशोदा म्हणाली, "त्यांचो आवाज हाडलंस?"

त्याने आणला होता. खळ्यात टेपरेकॉर्डर लावला. बाबली बोलला, "बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या झिलाक बरी नोकरी गावू दे," आणि फितीवर ती जागा आली. जानकीच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या मागण्याला सगळं खळं बोललं. दत्तारामाचा पंजा अर्धा वर गेला होता. यशोदेने तो धरून आपल्या मांडीवर ठेवला.

"आमच्या शेवटाक तो जवळ आसू दे."

आता कुणीच बोललं नाही. सगळे खाली बघत राहिले. दत्ताराम फिरणाऱ्या रिळाकडे बघत होता.

"मी आसंय अजून," यशोदा म्हणाली. "म्हण."

त्याने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. फीत संपून रीळ मोकळं फिरू लागलं.

यशोदेने त्याचा हात सोडला नाही. "परत लाव," ती म्हणाली.