खंडेनवमीच्या पट्ट्या

दुष्काळ सरला त्या वर्षी जिनात माझ्या थोरल्या बहिणीचा हात फाटला आणि त्याच दिवशी आमच्या काकाचा खून होता होता राहिला. दसऱ्याचा दिवस होता, मुहूर्ताचा.

कापसातून सरकी काढणाऱ्या वाशीमच्या त्या जिनात आम्ही दोघी बहिणी मशिनीच्या तोंडात कापूस सारायचो. काका तिथला मिस्त्री. मशिनी तीन, आणि एकीचं दुसरीला चालत नसे. प्रत्येकीत दोन सुऱ्या, एक पक्की बसलेली, दुसरी खालीवर नाचणारी. त्यांच्यात अंतर राखायला पत्र्याच्या पट्ट्या घालत. पट्टी जराशी पातळ पडली की सुरीवर सुरी आदळलीच म्हणून समजा. हंगाम संपला की काका पट्ट्या काढून ठेवायचा, पण त्या मशीन सोडून कुठं जात नसत. जुन्या काळ्या मशिनीच्या तिच्या पायाशी खोबणीत, मधलीच्या मागं तारेला टांगलेल्या, नवीच्या झाकणाच्या आत. तसंच चालत आलं होतं.

त्या वर्षी काकाला भक्ती सुचली. खंडेनवमीला पाने, हातोडे, सुऱ्या पोत्यावर मांडून आम्ही पुजायचो. काकानं यंदा पट्ट्याही मांडल्या, घासून चकचकीत केल्या, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि एकाच पेटीत भरून पेटी देवाच्या फोटोखाली ठेवली.

"आता धुंडाधुंडी नाई. देवापाशी हायेत," तो म्हणाला.

बहिणीनं विचारलं, "पन काकाजी, कोनती कोनाची कशी कळन?"

त्यानं तिच्या कानशिलात लगावली. लग्न झालेल्या बाईच्या, सगळ्यांदेखत. काकाचा हात असाच चालायचा; पाना चुकीचा दिला म्हणून गड्याचे दात पाडणारा माणूस तो. मग कोण कशाला बोलतंय?

दुसऱ्या दिवशी काकानं पेटीतल्या पट्ट्या अंदाजानंच बसवल्या, नारळ फुटला, मशिनी सुरू झाल्या. बहिणीच्या मशिनीनं कर्कश किंकाळी फोडली. सुरीवर सुरी आपटली, तुकडा उडाला आणि तिच्या उजव्या पंजातून आरपार गेला. पांढऱ्या रुईवर रक्ताची चिळकांडी उडाली. दोन बोटं नुसत्या कातडीवर लोंबत होती. हाताशी सरकी ओढायचं फावडं होतं, ते मी काकाच्या पाठीत घातलं. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

माझा भाऊजी, तिचा नवरा, अनसिंगहून कापसाची गाडी घेऊन आला होता. तो लोखंडी पहार, सब्बल, घेऊनच आत धावला. पहिल्या घावात काकाचा खांदा मोडला. काका उताणा पडला, तोंडातून रक्त आलं. भाऊजीनं छातीवर पाय दिला आणि सब्बल डोक्यावर उचलली. गडी बघत उभे होते. एकही पुढं झाला नाही, कारण प्रत्येकानं त्याचा मार खाल्लेला होता.

बहीण उठली. पंजा लुगड्यात गुंडाळलेला, लुगडं भिजलेलं.

"थांबा. हा मेला तं बाकीच्या दोन मशिनीत काय घातलं, कोन सांगन? तिथं बी बाया उभ्या हायेत."

भाऊजीनं सब्बल खाली घेतली, पण हातातून सोडली नाही. मोडक्या खांद्यानं काका सरपटत मशिनीपाशी गेला आणि एकेक पट्टी काढून, सुऱ्यांमध्ये घालून जाडी तपासत, तिच्या तिच्या जागी ठेवत राहिला. शेवटची पट्टी लागेपर्यंत बहीण दवाखान्यात जायला तयार झाली नाही. बोटं गेलीच.

पुढच्या खंडेनवमीला पट्ट्या कुणी हलवल्या नाहीत. काकाच ताट घेऊन फिरला. खोबणीला, तारेला, झाकणाला कुंकू लावत. तो पोत्यापाशी आला तेव्हा बहीण तिथंच बसलेली होती. तिनं उजवा पंजा हातोड्यांच्या रांगेत ठेवला.

"काकाजी, याले बी लावा. हे बी जिनाचंच हत्यार हाये."

काकानं बोटांच्या खुंटांवर कुंकू लावलं. अर्धं पोत्यावर सांडलं.