एकटीनं जाऊन यायचं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पाठक बाई मुली मागायला निघत. गावात सगळे असंच म्हणायचे. "बाई निघाल्या, पोरी झाका," असं पारावरची माणसं त्यांच्या तोंडावर म्हणत आणि बाई हसून पुढे जात. पाचवारी सुती साडी, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि चाल अशी, की बरोबरच्या माणसाला अर्धं पळावं लागे. आमच्या हसनाबादच्या शाळेत त्या भूगोल शिकवत आणि मुलींचं गाईड पथक चालवत. राहायला जुन्या जालन्यात, रोजचं येणं-जाणं एसटीनं. जानेवारीत नववीच्या मुलींना दोन रात्री अजिंठ्याच्या डोंगरात न्यायचं, तंबू ठोकायचे, तीन दगडांच्या चुलीवर रांधायचं आणि परत आणून सोडायचं, एवढंच त्यांचं मागणं. पण लग्नात मुलगी देताना बाप जेवढे प्रश्न विचारत नाहीत, तेवढे बाईंना विचारले जायचे.

बाईंची मागायची एक रीत होती. घरात गेलं की त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर यायची. बाई खुर्चीवर बसत नसत. सरळ आत स्वयंपाकघरात जात, जमिनीवर मांडी घालत आणि समोर जी भाजी पडली असेल ती निवडायला लागत. मेथीची जुडी संपेपर्यंत आई त्यांच्या बाजूची झालेली असे. मग बाहेर येऊन त्या बापाशी बोलत. माझ्या वडिलांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. खरा किल्ला होता तो कमलच्या वडिलांचा. कमल माझी मैत्रीण. आमची घरं पाठीला पाठ लावून. तिच्या वडिलांची जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा.

"रानात पोरी न्यायचं कामच काय, बाई? रान तर आमच्या घरामागंच हाय," ते म्हणाले.

"तुमच्या रानात तिला काम असतं. मी बिनकामाची नेऊन राह्यले," बाई म्हणाल्या.

शेवटी कमलच्या वडिलांनी ठेवणीतला प्रश्न काढला, सोबत मोठं माणूस कोण? बाईंकडे त्याचंही उत्तर तयार होतं. "माझ्या सासूबाई." आणि ते खरं होतं. दर शिबिराला बाई आपल्या सासूला, माईंना, घेऊन यायच्या. नऊवारी नेसलेली, सत्तरीची म्हातारी पोरींबरोबर आहे म्हटल्यावर बापांची तोंडं बंद होत. माई काही सुनेसाठी म्हणून कष्टानं येत नसत, त्यांनाच जास्त हौस. बिबट्याची भीती नाही का वाटत, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मला खाऊन त्याचंच पोट बिघडायचं."

तर आम्ही गेलो. भोकरदनपर्यंत एसटी, तिथून दुसरी गाडी, पुढे पायी. पाठीवर सतरंज्या, दोन खाकी तंबू, पीठ, डाळ, तेलाची बाटली. प्रत्येकीच्या आईनं निघताना पदराला किंवा ओढणीला काळा दोरा, लिंबू, बिब्बा असं काहीबाही बांधून दिलं होतं. तंबू उभे राहिल्यावर बाईंनी सगळी लिंबं गोळा केली आणि त्यांचं सरबत केलं. "डोंगर काही कुणाच्या अंगाला चिकटून घरी येत नाही," त्या म्हणाल्या. आम्ही घाबरत घाबरत प्यायलो. माईंनी दोन पेले घेतले.

बाई ओरडत नसत. गाठ चुकली तर नुसतं "पुन्हा". विस्तव विझला तर "पुन्हा". कुणी रडकुंडीला आली तर म्हणायच्या, "घाबरलीस? घाबर खुशाल. पण पाय थांबवू नकोस." ओल्या काटक्यांवर विस्तव धरायला कुणालाच जमेना. तो कमलनं धरला. होकायंत्र तिला एकदा दाखवलं आणि कळलं. घरी मान खाली घालून वावरणारी ही पोरगी तिथं उंच दिसायला लागली. मला तिचा थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू.

आणि मग ते, ज्यासाठी बाई एवढी घरं पालथी घालत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी समोरच्या डोंगरधारेवरचा एक एकटा पळस दाखवला आणि म्हणाल्या, "तिथपर्यंत एकेकीनं एकटीनं जाऊन यायचं. गळ्यात शिट्टी घाला. वाटलं तर तिथं बसा. कुणी मागे येणार नाही." ऐकायला यात काहीच नाही. पण त्या वयापर्यंत मी एकटी कुठंच गेले नव्हते. विहिरीवर, दुकानात, परसाकडे, कुठंही जायचं तर दोघी-तिघी मिळून. घरात एकटं बसलेलं कुणी पाहिलं तर लगेच विचारायचे, काय झालं? मी गेले, पळसाला हात लावला आणि पळत परत आले. बहुतेकींनी तेच केलं.

कमल शेवटी गेली. ती येईना. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या. माई सुनेवर चिडल्या, "शिट्टी तरी मार, लोकाची पोर हाय." बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. पळसाखाली कमलची निळी ओढणी दिसत होती, तिच्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या. दिवस बुडता बुडता कमल सावकाश खाली आली.

"काय बघितलंस?" बाईंनी विचारलं.

"काईच न्हाई, बाई. बसले व्हते. इतका येळ कुणी हाकच मारली न्हाई."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नंतर कधी पाहिला नाही.

त्याच उन्हाळ्यात कमलचं लग्न ठरलं. बाई पुन्हा तिच्या घरी गेल्या, पुन्हा भाजी निवडली. दहावी तरी होऊ द्या, म्हणाल्या. तिचे वडील या वेळी आवाज न चढवता बोलले. "तुम्ही मागितली तवा एकदा दिली ना म्या? आता ह्यांनी मागितलीय." कमल वडीगोद्रीला गेली. घर खाऊन-पिऊन सुखी. हमरस्त्याला खत-बियाणांचं दुकान, मागे राहायची जागा.

दोनेक वर्षांनी गावात बोलणं सुरू झालं, की कमलला बाहेरचं लागलंय. जंगलात नेलती, तिथून काहीतरी मागं आलंय. मी तेव्हा अकरावीला जालन्यात मामाकडे होते. एक दिवस बाई मामाच्या दारात उभ्या. "वडीगोद्रीला जायचंय, चल." अंबडमार्गे गेलो.

कमलच्या सासरची माणसं वाईट होती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सासूनं आमचे पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला. "पोरगी गुणाची हाय," ती म्हणाली. "कामाला नाव ठेवायला जागा न्हाई. पण दिवस कलला की उठती अन् मागच्या बरड माळावर जाऊन बसती. एकटी. हाक मारली तर वळूनबी बघत न्हाई. भगत झाला, दर्गा झाला. लई खर्चा झाला, बाई." कमल दाराशी उभी होती आणि तिला खेटून तिची नणंद. कमल पाणी आणायला उठली की नणंद उठायची, कमल बसली की बसायची. तिला एकटीला सोडायचं नाही असं भगतानं सांगितलं होतं.

"तिला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "तिला थोडा वेळ एकटं बसावंसं वाटतं, एवढंच."

सासूनं बाईंकडे असं बघितलं, की या शिकलेल्या बाईला कळत कसं नाही. "चांगल्या माणसाला कशाला वाटंल तसं?" मग तिनं हात जोडले. "तुमच्यावर राग न्हाई आमचा. पण तुम्ही नेलती, तुम्हीच सोडवा. जिथं बसलीती तिथं नारळ फोडून या. म्हणा, जे आलं ते परत घे."

बाई नाही म्हणणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण निघताना कमल कुंकू लावायला वाकली आणि हळूच म्हणाली, "फोडा, बाई. मंग ह्या मला जरा सोडतील."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी डोंगरात गेलो. मधल्या काळात तोडलेल्या सागाची खुंटं दिसत होती, पळस तेवढा होता. बाईंनी पिशवीतून नारळ काढला आणि दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, तेव्हा फुटला. कुणाकडे तोंड करायचं ते त्यांना कळेना, म्हणून नुसत्याच पुढे बघून त्यांनी हात जोडले आणि वर्गात उतारा सांगावा तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "जे आलं ते परत घे." मग खाली बसल्या आणि रडल्या. "मी तिला तेवढंच तर दिलं होतं गं," म्हणाल्या. मीही रडले.

नारळ फोडल्याचं कळवल्यावर नणंदेचा पहारा उठला. काही दिवस बरे गेले. मग कमल पुन्हा एकदा बरडावर जाऊन बसली आणि उतरलेलं नाही हे सगळ्यांना पटलं. पहारा परत आला. मागच्या दाराला कुलूप लागलं. पुढे मुलं झाली. तिसऱ्या मुलानंतर तिनं बाहेर जायचं नावच सोडलं. माहेरी तिच्या आईनं पेढे वाटले, पोर बरी झाली म्हणून. तो पेढा मी खाल्ला नाही, घरातल्या कुणालातरी दिला.

नारळ फोडला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर बाई मुली मागायला निघाल्या होत्या. घरोघर खुर्च्या बाहेर आल्या, चहा आला, पण स्वयंपाकघरात त्यांना कुणी येऊ दिलं नाही. आया दारात आडव्या उभ्या राहून गोड बोलत. त्याच थंडीत माईही गेल्या. बाईंनी तंबू शाळेच्या कोठीत टाकले. निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला, नकाशे काढून घेतले, पण मुलींना गावाच्या वेशीबाहेर कधी नेलं नाही.

मी जालन्यातच नोकरीला लागले, लग्न झालं, मुलगी झाली. बाईंकडे अधूनमधून जायची. त्या थकल्या होत्या, गुडघे गेले होते, पण उच्चार तसेच खणखणीत. मुलगी नववीत असताना एका सुट्टीत तिला साहसशिबिराला जायचं होतं. पैसे घेऊन चार दिवस डोंगरात नेणारे लोक तोवर निघाले होते. घरात कुरकुर होती. मला वाटलं, बाईंना विचारावं. खरं तर विचारायचं काहीच नव्हतं. पाठव, पोरीला जाऊ दे, असं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणजे कुठंतरी काहीतरी उरलंय असं मला वाटलं असतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथं पोरींना एकटं सोडतात का?"

"छे, बाई," मी म्हणाले. "सतत माणसं बरोबर असतात. एक मिनिट नजरेआड होऊ देत नाहीत."

"बराबर चौकशी केलीस?"

"हो."

बाईंनी गुडघ्यावरची चादर नीट केली. "मग पाठव," त्या म्हणाल्या.

मुलगी गेली आणि मजेत राहून आली. सगळ्यांबरोबर काढलेले ढीगभर फोटो तिनं आणले. तोवर बाई गेल्या होत्या. त्यांना सांगायचं राहूनच गेलं, आणि सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.