नरम पन्नीतला चहा

“मॅडम, यानंच माझं लेकरू टिकत नसन का?”

संगीताने हे विचारलं तेव्हा मी तिच्या सासऱ्यांच्या टपरीवर उकळता चहा काचेच्या बाटलीत भरत होते. मला आधी वाटलं, ती दुसऱ्या कुणाशी बोलते आहे. मला कोणी मॅडम म्हटलं की अजूनही मी मागे वळून बघते. मी चंद्रपूरला एम.एस्सी. करते आणि कॉलेज सुटल्यावर एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये ट्रेनी म्हणून काम करते. घर आरमोरीकडे, धानाची शेती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली.

लॅबमध्ये शेख सर सीनियर केमिस्ट आहेत. एका संस्थेने टपऱ्यांवरचा चहा तपासून मागितला होता. सर म्हणाले, “बेटा, माजरीकडं पन्नीतला चहा लय चालतो. तिथून सॅम्पल आण. आणि काचेची बाटली ने.”

प्लास्टिकमधून चहात काही उतरतं का, हे बघायचं असेल तर बाटली प्लास्टिकची चालत नाही. झाकणसुद्धा प्लास्टिकचं असतं, म्हणून झाकणाखाली फॉइल लावायची. शिवाय सोबत एक ब्लँक न्यायचा. ब्लँक म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, पण त्याला चहासारखीच वागणूक द्यायची. पाण्यातही काही सापडलं, तर दोष आपल्या हाताचा समजायचा.

टपरी कवडूभाऊंची. कोळशाच्या खाणीच्या रस्त्यावर. शिफ्टच्या वेळी एक माणूस मोटरसायकलवर येतो आणि सगळ्या गँगचा चहा एका पन्नीत, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून नेतो. वरून रबर लावलेलं. नेण्याआधी तो पन्नी बोटांनी दाबून बघतो. पन्नी नरम लागली म्हणजे चहा कडकडीत. नरम नसली तर परत करतो.

“कवडूभाऊ, काल तुमची पन्नी ताठच्या ताठ होती,” एक जण माझ्यासमोरच म्हणाला. “चा होता का शरबत?”

“तुयी बायको देते का तुले येवढा गरम?” कवडूभाऊंनी उकळतं भांडं तसंच पन्नीत ओतलं.

उरलेल्या पन्न्या फेकत नाहीत. त्या गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, बुडवून ठेवतात, म्हणजे तासभर गरम राहतात. तरी खपल्या नाहीत तर घरचेच पितात. संगीता कवडूभाऊंची सून. लग्न झाल्यापासून दुपारी जेवणाआधी ती हाच चहा पीत होती. तिचा नवरा प्रशांत तर लहानपणापासून.

मी सॅम्पल कशासाठी घेते, हे तिने विचारलं होतं. मी सोपं करून सांगितलं. शरीरात एक अवयव दुसऱ्याला रक्तातून निरोप पाठवतो, वाढ कर, थांब, गर्भ सांभाळ. त्या निरोपांना हार्मोन म्हणतात. गावात कोतवाल दवंडी देतो ना, तसं. प्लास्टिकमधली काही रसायनं कोतवालासारखीच दिसतात. ती गरम चहात उतरतात, पोटात जातात आणि भलतीच दवंडी देतात, किंवा खऱ्याचा आवाज दाबतात.

ती हातातलं काम थांबवून ऐकत होती. मग तिने तो प्रश्न विचारला. तिचे गर्भ पुन्हा पुन्हा पडले होते. नागपूरला दाखवलं, डॉक्टरला काही सापडलं नाही.

“आत्या म्हणते, माह्यातच खोट हाय,” ती हळू बोलली. आत्या म्हणजे सासू, यमुनाबाई. “दिवाळीनंतर मले माहेरी पोचवून देतो म्हणून राह्यली. तुमी एकदा सांगून द्या ना तिले. शिकलेल्या माणसाचं ऐकते ती.”

“तपासणी होऊ दे,” मी म्हणाले.

लॅबमध्ये मशीन चालवायचं काम सरांचं. मी शेजारी उभी राहून शिकत होते. मशीन चहातले घटक एकेक वेगळे करतं आणि स्क्रीनवर प्रत्येकाचा एक उंचवटा काढतं. स्टीलच्या गिलासातल्या चहात प्लास्टिकच्या रसायनाचा उंचवटा जेमतेम दिसत होता. पन्नीतल्या चहात स्पष्ट. गंजात ठेवलेल्या पन्नीचा सगळ्यात उंच. ब्लँक कोरा होता. माझा हात चुकला नव्हता. खरं सांगते, मला आनंद झाला. संगीताला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं होतं.

“सर, म्हणजे तिला यानेच त्रास झाला असेल?”

“आपण चहा तपासला बेटा. तिला नाही तपासलं.”

“पण होऊ शकतं ना?”

“होऊ शकतं. नाही पण होऊ शकत. बाईचा गर्भ पडायला शंभर कारणं असतात. आणि हे रसायन पुरुषालाही सोडत नाही. वीर्यावर परिणाम होतो. नवऱ्याची तपासणी केली का कोणी?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी परत गेले ती दुपारची वेळ होती. गर्दी नव्हती. संगीताने मला बघितलं आणि लगेच सासूला हाक मारली. कवडूभाऊ आणि प्रशांतही तिथेच होते. मी तिला बाजूला घेणार होते, पण तिनेच स्टूल पुसून मधोमध ठेवलं.

“बोला मॅडम. आत्या, आयका.”

मी सांगितलं. पन्नीत गरम चहा ओतू नका, गंजात तर अजिबात ठेवू नका. कवडूभाऊंनी मान हलवली. ते चांगले माणूस आहेत.

“मंग यानंच झालं ना?” यमुनाबाईंनी थेट विचारलं. “हिचं लेकरू यानंच पडलं, आसंच ना?”

संगीता माझ्याकडे बघत होती. हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं.

“तसं नक्की नाही सांगता येत,” मी म्हणाले. “यानेही झालं असेल. दुसरंही कारण असेल.”

“म्हणजे पन्नीनं नाई झालं.”

“तसं नाही आई. नाहीच झालं, असंही म्हणता येत नाही.” मला तिचीच बाजू घ्यायची होती, म्हणून पुढचंही बोलले. “आणि एकट्या बाईत दोष असतो असं नाही. प्रशांतभाऊंची पण एकदा तपासणी करून घ्या. पुरुषांवरही याचा...”

प्रशांत उठला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

“माह्या पोरात काई खोट नाई,” यमुनाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुमी चाची तपासणी कराले आल्या होत्या ना बाई? झाली ना?”

कवडूभाऊ स्टोव्हला पंप मारत बसले. संगीताने माझ्यासाठी चहा गाळला, स्टीलच्या गिलासात. मी तो पूर्ण प्यायले, कारण ठेवून उठणं मला जमलं नाही.

दिवाळीनंतर सरांनी मला पुन्हा सॅम्पल घ्यायला पाठवलं. टपरीवर पन्न्या नव्हत्या. खाणीतली माणसं आता घरून स्टीलची बरणी आणतात, असं कवडूभाऊंनी आपणहून सांगितलं. पहिला आठवडाभर गिऱ्हाईक कुरकुरलं, मग सवय झाली.

चहा यमुनाबाई ओतत होत्या.

“संगीता?” मी विचारलं.

“गावाले गेली.”

“कधी येईल?”

त्यांनी पुढच्या माणसाची बरणी घेतली. कवडूभाऊ माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, “तुमी खरंच बोल्ल्या जी. पन मंग तिले घरात टिकवाले काई उरलं नाई. माहा पोट्टा आयकेच ना.” प्रशांतची तपासणी झाली का, हे मी विचारलं नाही. उत्तर कळत होतं.

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “सायन्स चुकलं नाही तुझं.” नव्हतंच चुकलं. नवीन चहात तो उंचवटा जवळजवळ सपाट होता.

मला वाटतं, या कामातून मी एवढंच शिकले. जे अर्धंच माहीत आहे ते चार जणांसमोर सांगितलं, तर उरलेलं अर्धं ते आपापल्या सोयीने भरून घेतात. आणि ज्याने प्रश्न विचारलेला असतो, त्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.