उष्टा चमचा

काकूंनी माझ्यासमोर भाजीचं पातेलं कचऱ्याच्या पिशवीत उपडं केलं. बटाट्याची भाजी, नुकतीच केलेली. मी धुतलेल्या डावाने थोडी वाढून घेतली होती, एवढंच. "खराब झाली होती," म्हणाल्या. भाजीतून वाफ येत होती.

काकू म्हणजे माझ्या रूममेटची, अमेयची आई. पुण्याहून आलेल्या. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं ते अपार्टमेंट आम्हा दोघांचं. आल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. पुढचं काही विचारायची त्यांना गरज उरली नाही. तेव्हापासून माझं ताट वेगळं, ग्लास वेगळा. अमेय म्हणाला, "यार, आईचं जुनं आहे. अ‍ॅडजस्ट कर." मी केलं. चीड यायला हवी होती. आली नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसा मी सगळाच बधिर होतो.

शनिवारी अद्रियान जेवायला आला. स्पेनचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीच्या सॉकर टीममधला, म्हणजे आपला फुटबॉल. तो कॅम्पसच्या बसमध्ये चढला की पोरं त्याच्या नावाने ओरडायची, उठून जागा द्यायची. टीममधल्या निम्म्यांनी त्याच्यासारखे केस कापलेले. तो अमेयच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये होता. घरी येणार म्हटल्यावर अमेयचा भाव आठवडाभर वधारलेला. मलाही तो आवडायचा. त्याच्या मॅचला मी थंडीत कुडकुडत उभा राहायचो.

काकूंनी श्रीखंड-पुरी केली होती. अद्रियानने श्रीखंड चाखलं, चमचा चाटून लख्ख केला आणि तोच सरळ मोठ्या भांड्यात घातला. पुन्हा तोंडात. पुन्हा भांड्यात. मी काकूंकडे बघितलं. त्या हसत होत्या. "राहू दे, लेकरू आहे," म्हणाल्या, आणि त्याच भांड्यातलं अमेयला वाढलं. स्वतः घेतलं. मला वरून टाकलं, ताटाला हात लागू न देता.

इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, बाई सोवळ्याओवळ्याची आहे. तसं काही नव्हतं. तिला उष्टं चालत होतं. मी चालत नव्हतो.

मी हात लांब करून भांडं ओढलं.

"थांब, मी वाढते," काकू म्हणाल्या.

"काकू, त्याचं उष्टं तुम्ही खाल्लंत. माझ्या धुतलेल्या डावाची भाजी फेकलीत. का, ते सांगा."

"यार, आत्ता नको," अमेय पुटपुटला. "गेस्ट आहे."

अद्रियानने विचारलं, काय चाललंय. काही नाही, रेसिपी, अमेय म्हणाला. मग मी इंग्रजीत सांगितलं. भाजी. ताट. आडनाव. जात. सावकाश, आवाज न चढवता. अमेयचा चेहरा उतरला. आईसाठी नव्हे. सोमवारी अद्रियानच्या टीममध्ये काय बोललं जाईल, याची त्याला धास्ती होती.

अद्रियान माझ्या बाजूने काही बोलला नाही. चमचा खाली ठेवून सॉरी म्हणाला, कुणाला ते कळलं नाही, आणि गेला. त्याने बोलावं म्हणून मी सांगितलंही नव्हतं.

दार लागल्यावर अमेय म्हणाला, तू दुसरी जागा बघ. मी म्हटलं, लीजवर माझीही सही आहे. मी जाणार नाही. या किचनमध्ये मी रोज स्वयंपाक करणार, हाताला येईल त्या पातेल्यात. ज्याला विटाळ होतो त्याने उपाशी राहावं.